शिरोयोने की हामानोउरा?
जपानात समुद्राकाठची भातखाचरं बघायचीत तर ही दोन नावं येतातच. शिरोयोने नोतो द्वीपकल्पात, वाजिमा शहराजवळ, १००० हून जास्त चिमुकली खाचरं थेट समुद्रापर्यंत उतरतात, काही तर एवढीशी की यंत्र सोडाच, वाकून हातानेच लावणी. पण १ जानेवारी २०२४ च्या भूकंपात खाचरांना भेगा पडल्या, वर सप्टेंबरात अतिवृष्टी, त्यामुळे निघण्याआधी रस्ते चेक कराच.

हामानोउरा सागा प्रांतात, २८३ खाचरं, तोंड पश्चिमेला, एप्रिल-मेमध्ये पाणी भरलं की सूर्यास्ताला अख्खा उतार केशरी होतो (रोपं वाढली की खेळ खल्लास). कार मस्ट.

नुसता फोटो हवाय तर डोळे झाकून हामानोउरा, पण मला विचाराल तर शिरोयोनेच, पडलेले बांध पुन्हा रचणारी माणसं तिथे दिसतात.