द्राक्षबागेत नऊ महिने हवामानाचा डेटा : पावसाच्या अंदाजापेक्षा पानाचा ओलावा कामाला आला

निफाड तालुक्यात कादवा नदीच्या काठाला आमची साडेतीन एकर द्राक्षबाग आहे. दोन एकर थॉमसन जातीची, दीड एकर शरद जातीची. 26 नोव्हेंबर 2023 च्या अवकाळी पावसात आणि गारपिटीत त्यातली निम्मी बाग गेली. इशारा आलेला होता, माझ्याच फोनवर होता. पण गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गेला आणि मी तो दुसऱ्या दिवशी वाचला. तेव्हापासून हा विषय मनात होता. एप्रिल 2025 च्या खरड छाटणीपासून (नवी काडी तयार करायची छाटणी) मी ठरवून हवामानाच्या सेवा वापरल्या, रोज वहीत अंदाज आणि प्रत्यक्ष असं दोन्ही लिहिलं. त्या वहीतून हे लिहितो आहे.

वापरलं काय, ते आधी सांगतो. फुकटातली दोन सरकारी ॲप: अंदाज आणि पीक सल्ल्याचं मेघदूत आणि विजेचा इशारा देणारं दामिनी. शिवाय शेजारच्या दोघांसोबत भागीत घेतलेलं एका खासगी कंपनीचं छोटं हवामान केंद्र. त्यात तापमान, आर्द्रता, वारा, पाऊस आणि पानाचा ओलावा मोजणारा सेन्सर आहे. सिम कार्डावरून आकडे फोनवर येतात. यंत्राला 42 हजार आणि वर्षाची वर्गणी 7 हजार, तिघांत वाटून. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत आणि त्या एकट्या त्या कंपनीच्या नसाव्यात.

मेघदूत 2019 मध्ये हवामान विभाग, पुण्याची आयआयटीएम (भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था) आणि भारतीय कृषी संशोधन परिषद यांनी मिळून आणलं. पाच दिवसांचा पाऊस, कमाल-किमान तापमान, आर्द्रता, वारा आणि ढग एवढं त्यात मिळतं आणि मंगळवारी-शुक्रवारी मराठीत पीक सल्ला येतो. माझ्या आठवड्याचा आराखडा आता शुक्रवारी ठरतो. मजूर कधी बोलवायचे, डिपिंग (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणं) कोणत्या दिवशी धरायचं, एवढ्यासाठी पाच दिवसांचं चित्र पुरेसं असतं.

पण ते वाचायला शिकावं लागलं. 'तुरळक ठिकाणी पाऊस' असं आलं की मी पूर्वी घाबरून ट्रॅक्टरला फवारणीचा ब्लोअर जोडायचो. तुरळक म्हणजे त्या भागातल्या नोंद केंद्रांपैकी जास्तीत जास्त पाव केंद्रांवर पाऊस. 'काही ठिकाणी' म्हणजे पाव ते निम्म्या केंद्रांवर. 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे निम्म्याच्या वर. तसंच 'हलका पाऊस' म्हणजे 24 तासांत साधारण अडीच ते साडेपंधरा मिलिमीटर आणि 'मुसळधार' म्हणजे साडेचौसष्टच्या पुढे. हे शब्द ठरलेल्या मापाचे आहेत हे कळल्यावर माझा निम्मा राग शांत झाला. 'सांगतात आणि पडत नाही' असं आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा पाऊस दुसऱ्या शिवारात पडलेला असतो.

मे महिन्याचा अनुभव वेगळाच होता. 2025 मध्ये मान्सून 26 मे रोजी मुंबईत पोहोचला, नेहमीची तारीख 11 जून. त्याआधीपासूनच आमच्याकडे पाऊस चालू होता. काडीत सूक्ष्म घडनिर्मिती होते, म्हणजे पुढच्या घडांची सुरुवात डोळ्यांतच होते, ते हेच दिवस. त्यासाठी ऊन लागतं आणि ऊन नव्हतं. अंदाज आधीच बरोबर सांगत होता, पण ढग काही हटवता येत नाहीत. शेंडा मारणं, जास्तीच्या फुटी काढून काडीला उजेड देणं एवढं केलं. ऑक्टोबरमध्ये छाटणी केली तेव्हा बऱ्याच डोळ्यांतून घड निघालेच नाहीत, वांझ फुटी निघाल्या. याचा दोष मी अंदाजाला देत नाही. माहिती वेळेवर मिळाली तरी काही नुकसान टळत नाही, हे मात्र त्या महिन्यात अंगावर आलं.

सेवेची खरी परीक्षा ऑक्टोबरच्या शेवटी झाली. 10 तारखेला छाटणी, महिनाअखेरीस तीन ते पाच पानांची अवस्था. नेमकं तेव्हा अरबी समुद्रातल्या कमी दाबामुळे पाऊस लांबला. या अवस्थेत डाऊनी (केवडा) हा बुरशीसारखा रोग आला तर घडच जातो, म्हणून आमच्या भागात पावसाचं नाव निघालं की रोज फवारणी, कधी दिवसातून दोनदाही. मी इथे पहिल्यांदा दम धरला.

डाऊनीचे बीजाणू पानावरच्या पाण्यात पोहत जाऊन पानाच्या छिद्रातून आत शिरतात. त्यांना पाणी लागतं आणि वेळही लागतो, काही तास. पान त्याआधी कोरडं झालं तर ते मरतात. म्हणजे 20 मिलिमीटर पाऊस दुपारी पडून मागे ऊन-वारा आला, तर धोका कमी. आणि पहाटे नुसतं 2 मिलिमीटर पडून सकाळी अकरापर्यंत ढग राहिले, तर धोका मोठा. पावसाचा आकडा हा फरक सांगत नाही. ओलाव्याच्या सेन्सरचा आकडा सांगतो.

पावसाचा अंदाज आला त्याच्या आदल्या दिवशी स्पर्शजन्य, म्हणजे पानाच्या वरच राहणारं बुरशीनाशक मारून घेतलं. दुसऱ्या दिवशी सेन्सरने पहाटे तीनपासून साडेदहापर्यंत पान ओलं दाखवलं, तापमान 21 च्या आसपास. डाऊनीला याहून चांगलं हवामान नाही. वाफसा नव्हता, ट्रॅक्टर रुतला असता, म्हणून तिघांनी एसटीपी पंपाने पाइप ओढत संध्याकाळपर्यंत आंतरप्रवाही, म्हणजे पानात शिरणारं औषध संपवलं. त्याच्या पुढच्या दिवशी दुपारी दोनला पुन्हा सर आली, 4 मिलिमीटर. घरचे वडीलधारे आण्णा टाकी भरायला निघाले.

"आण्णा, थांबा. तासाभराने ठरवू."

"आरं, समदी मारायला लागलीत. तुझं यंतर चुकलं तं?"

पन्नास मिनिटांत पान कोरडं झालं. आम्ही मारलं नाही. तो दिवस माझ्यासाठी सोपा नव्हता. आजूबाजूला चारही बाजूंनी ब्लोअरचा आवाज होता आणि रात्री मला झोप लागली नाही. आठ दिवस रोज सकाळी पानं उलटी करून पाहिली. डाग आला तो खालच्या दोन ओळींत, झाडाच्या सावलीत, बाकी बाग स्वच्छ राहिली. छाटणीपासून पन्नास दिवसांत गेल्या वर्षीपेक्षा सहा फवारण्या कमी झाल्या. औषधाचे पैसे वाचलेच, पण माल निर्यातीला द्यायचा असेल तर मण्यातला औषधाचा अंश कमी राहणं हे त्याहून मोठं आहे.

भुरी या दुसऱ्या बुरशीरोगासाठी मात्र ओलाव्याचा सेन्सर काही कामाचा नाही. भुरीला पानावर पाणी लागतच नाही, ढगाळ हवा आणि दमटपणा पुरतो. डिसेंबरात त्या हिरव्या आकड्याकडे बघून मी दोन दिवस गाफील राहिलो आणि घडाच्या देठावर भुरी दिसली. ॲपमध्ये 'रोगाचा धोका : कमी' असं एकच वाक्य येत होतं. कोणत्या रोगाचा, हे लिहिलेलं नव्हतं. ही चूक कंपनीने सुधारायला हवी. मी दोनदा कळवलं आहे.

सेन्सरच्या दुखण्यांबद्दलही लिहितो, कारण विकताना कोणी सांगत नाही. बोर्डोचा (मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशकाचा) थर सेन्सरच्या पट्टीवर बसला की ती कोरडी असतानाही ओली दाखवते. आता दर फवारणीनंतर ओल्या फडक्याने पुसतो. फवारणी चालू असताना पट्टी भिजते आणि यंत्र ते ओलाव्याचे तास म्हणून मोजतं, ते आपणच वजा करायचे. जोराच्या पावसात नेटवर्क जातं आणि जो आकडा हवा तोच चार-पाच तासांनी येतो. सप्टेंबरात सलग तीन दिवस काहीच आलं नाही, सिमचा रिचार्ज कंपनीकडून राहिला होता. ग्राहक सेवेला फोन लागला तो तिसऱ्या दिवशी. आणि त्यांचा पंधरा दिवसांचा अंदाज मी वहीत लिहायचाच बंद केला. सहाव्या दिवसापुढचं काहीही धरून मजूर सांगू नयेत असं माझं मत झालं आहे.

अंदाजाची चौकट किती मोठी असते, हेही माहीत असावं. आपल्याकडचं मुख्य मॉडेल आतापर्यंत 12 किलोमीटरच्या चौकोनावर चालायचं, म्हणजे 144 चौरस किलोमीटरला एक आकडा. मान्सून मुंबईत आला त्याच 26 मे रोजी 'भारत फोरकास्ट सिस्टिम' सुरू झाली, आयआयटीएमने तयार केलेली. तिचा चौकोन 6 किलोमीटरचा आहे. त्याच्याही आत आमच्यासारखी कितीतरी शिवारं बसतात. म्हणून अंदाज मोठ्या चौकोनाचा आणि मोजमाप स्वतःच्या बागेतलं, अशी जोडी लागतेच.

दामिनीबद्दल थोडक्यात, पण मनापासून. 20 आणि 40 किलोमीटरच्या आत वीज पडत असेल तर ते ॲप कळवतं. आमच्याकडे विरळणीला वीस-बावीस बाया असतात आणि मांडव लोखंडी अँगल-तारांचा. ऑक्टोबरात दोनदा इशारा आला की लगेच सगळ्यांना शेडमध्ये नेलं. एकदा वीज जवळ आलीच नाही, अर्धा दिवस गेला. तो गेलेला अर्धा दिवस मला अजिबात टोचत नाही. मुकादम मावशींच्या फोनवरही मी ते ॲप घालून दिलं आहे.

सध्या जानेवारी चालू आहे आणि काळजी थंडीची. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातल्या किमान तापमानाची हिवाळ्यात बातमी होते, त्यामुळे निफाडची थंडी सगळ्यांना ठाऊक आहे. मण्यात पाणी भरत असताना पारा फार खाली गेला तर मण्यांना तडे जातात. मी आधी 6 अंशांचा अलार्म लावला होता. वाजला की उठून ठिबक सोडतो, बांधावर शेकोट्या पेटवतो. पण यंत्र बसवलंय वरच्या अंगाला, विहिरीजवळ. थंड हवा जड असते, ती उताराने नदीकडच्या ओळींत साचते. तिथे साधा थर्मामीटर टांगल्यावर दीड-दोन अंशांचा फरक दिसला. आता अलार्म 8 वर ठेवला आहे. नवीन घेणाऱ्यांनी यंत्र बागेच्या सगळ्यात खोल भागात लावावं, नेटवर्क मिळत असेल तर.

वर्गणी मार्चमध्ये संपते. आम्ही तिघांनी पुन्हा भरायचं ठरवलं आहे, पण दोन गोष्टी लेखी मागितल्या आहेत. नेटवर्क गेलं तरी यंत्राने आकडे स्वतःत साठवावेत आणि मागचा सगळा डेटा आम्हाला फाइलमध्ये उतरवून घेता यावा. बाग आमची आहे, तिच्या नोंदी आमच्याकडे राहायला हव्यात. आण्णा हल्ली पहाटे मला उठवून विचारतात, "पान कधी वाळलं रं?"