राउटरच्या स्पिंडलसाठी लिव्हर डायल आणि मॅग्नेटिक स्टँड: वर्षभराच्या वापरानंतर

अर्ध्या इंची राउटरने (लाकडाच्या कडा कोरणाऱ्या यंत्राने) सागवानी चौकटीच्या कडेला गोलाई मारताना बारीक लहरी उमटू लागल्या आणि लाकूड जागोजागी काळे पडू लागले, तेव्हा दुरुस्ती केंद्रातील कारागिराने बिट (कापणारे पाते) बोटांनी हलवून पाहिले आणि दोन्ही बेअरिंगे गेल्याचे सांगून टाकले. ते खरे का हे पाहण्यासाठी, त्याने सांगितलेल्या खर्चाहून कमी पैशांत मी ०.०१ मिमीपर्यंत माप दाखवणारा लिव्हर डायल (टोक बाजूला हलले की काटा सरकणारे मापक) आणि मॅग्नेटिक स्टँड असा साधा संच घेतला. त्याचे हे परीक्षण.

पहिली अडचण अशी की राउटरचा बेस अॅल्युमिनियमचा असल्याने त्याला चुंबक चिकटतच नाही. शेवटी राउटर उलटा करून १० मिमी जाडीच्या लोखंडी पट्टीवर बोल्टने घट्ट बसवला आणि स्टँड त्याच पट्टीवर ठेवला. स्टँड लाकडी टेबलावर ठेवला तर टेबलाला कोपर टेकवताच काटा हलतो आणि मग आपण स्पिंडल (बिट फिरवणारा दांडा) मोजतो आहोत की टेबल, हेच कळत नाही.

प्लग काढून, कोलेट (बिटची दांडी आवळून धरणारी पकड) उतरवून आणि स्पिंडलच्या आतल्या निमुळत्या भागातला राळेचा थर पुसून डायलचे टोक आत टेकवले. हे टोक जेमतेम २ मिमीचे असल्याने ते तिथे सहज पोहोचते. नेहमीच्या उभ्या डायलला ते जमले नसते. स्पिंडल हाताने सावकाश फिरवले तेव्हा पूर्ण फेऱ्यात काटा दीड घरच सरकला, म्हणजे ०.०१५ मिमी. त्यानंतर कोलेटमध्ये १२.७ मिमीची ग्राइंड केलेली पिन धरली, तर नटाजवळ ०.१४ आणि तिथून ५० मिमी वर ०.३१ मिमी फरक आला. कोलेटपासून दूर जाताना आकडा असा वाढतो, तेव्हा पिन नुसती बाजूला सरकलेली नसून तिरकी धरली गेलेली असते. पिन कोलेटमध्ये अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोजले, तरी उंच बिंदू (काटा सर्वांत जास्त सरकतो ती जागा) स्पिंडलवर मार्करने केलेल्या खुणेशीच राहिला, म्हणजे पिन सरळ होती. कोलेट अर्धा फेरा फिरवून बसवल्यावर मात्र तो बिंदूही त्याच्यासोबत फिरला, आणि दोष कोलेटचाच ठरला. या यंत्रात कधी काळी १२ मिमीचे बिट १२.७ च्या कोलेटमध्ये आवळले गेले होते, हे इथे कबूल करायला हवे. नवे कोलेट बसवल्यावर तेच आकडे ०.०३ आणि ०.०५ झाले.

बेअरिंगची परीक्षा यापेक्षा वेगळी असते, कारण तिच्यात स्पिंडल फिरवायचे नसून ढकलायचे असते. डायल स्पिंडलच्या बाहेरच्या अंगाला टेकवून आधी आडवा आणि मग उभा दाब दिला. काटा एखादे घर सरकला आणि हात काढताच शून्यावर परतला. तेवढे तर पोलादही लवचिकपणामुळे वाकते. माझ्या जुन्या ट्रिमरवर (छोट्या राउटरवर) मात्र काटा आठ घरे सरकून तिथेच थांबला आणि उलट बाजूने ढकलल्यावरच परत आला. तो खरा ढिलेपणा होता आणि तिथे खालचे बेअरिंग बदलावेच लागले. नवे बेअरिंग शाफ्टवर चढवताना दाब आतल्या कड्यावरच द्यावा. बाहेरच्या कड्यावर हातोडी मारली तर दणका गोळ्यांतून जातो, कड्यांवर खड्डे पडतात आणि नवे बेअरिंग पहिल्या दिवसापासूनच गुणगुणू लागते.

आता वस्तूच्या उणिवा. डायलबद्दल माझी तक्रार नाही. टोक पृष्ठभागाशी जवळजवळ समांतर ठेवले तर पुन्हा पुन्हा तेच माप येते, मात्र ते फार तिरके लावले तर आकडा खऱ्यापेक्षा मोठा दिसतो, आणि ही गोष्ट संचासोबतच्या कागदावर कुठेच छापलेली नाही. स्टँड मात्र कमकुवत आहे. चुंबक जोरकस असला तरी बाहूचे सांधे पूर्ण आवळूनही किंचित खाली बसतात, त्यामुळे शून्य लावल्यावर मिनिटभर थांबून काटा स्थिर आहे ना, हे पाहावे लागते. बारीक समायोजनाचा स्क्रू तर सहा महिन्यांतच ढिला झाला. दुसरा, जाड बाहूचा स्टँड मी पाहून ठेवला आहे. डायल मात्र हाच राहील.