लेखी स्पॅनिशसाठी राएचे कोश, फुन्देऊ आणि कोर्पेस: कुठला प्रश्न कुणाला विचारायचा

स्पॅनिशमध्ये सराईत झालेल्यांच्या लेखनात ज्या चुका उरतात, त्यांच्याखाली लाल रेघ उमटत नाही. शब्द कोशात असतो, स्पेलिंग बरोबर असतं, अर्थही कळतो. तरी माद्रिदच्या किंवा मेक्सिकोच्या कार्यालयात बसलेल्या माणसाला हे परक्याने लिहिलंय हे दुसऱ्या ओळीत जाणवतं. लँग्वेजटूलसारखा व्याकरण तपासणारा संगणकी तपासनीस पहिल्या चाळणीला चांगला आहे. लिंग-वचनाचा मेळ, सुटलेला आघातचिन्हाचा टिल्दे, दोनदा पडलेला शब्द तो धरतो. पण 'अजून' या अर्थाचा टिल्देवाला 'आउन' आणि 'सुद्धा' या अर्थाचा बिनटिल्देचा 'आउन' हे दोन्ही खरे शब्द असल्याने तिथे त्याला संदर्भावरून अंदाज बांधावा लागतो. पुढचं काम माणसाचं, आणि त्यासाठी लागणारी उत्तम साधनं जालावर मोफत आहेत.

सगळ्यांत मोलाचा आहे 'दिक्सिओनारिओ पानइस्पानिको दे दुदास', म्हणजे शंकांचा कोश. रिआल आकादेमिया एस्पान्योला, म्हणजे स्पेनची भाषा-अकादमी, अर्थात राए, आणि इतर देशांतल्या स्पॅनिश अकादमींनी मिळून तो २००५ मध्ये काढला. नेहमीचा कोश अर्थ सांगतो. हा वापर सांगतो. कुठल्या क्रियापदाला कुठलं शब्दयोगी अव्यय, ते कुठल्या देशात चालतं, हे एका नोंदीत मिळतं. 'इन्फोर्मार' (कळवणं) घ्या. स्पेनमध्ये 'इन्फोर्मार दे के' असा 'दे' लागतो. लॅटिन अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी 'इन्फोर्मार के' ही तितकीच शिष्ट रचना आहे. अहवाल बोगोटाला जाणार असेल तर 'दे' घुसडायची गरज नाही. नोंदीत वर्तुळातली फुली दिसली की पुढचं रूप टाळायचं, एवढी एक खूण लक्षात ठेवा. या कोशात विषयही शोधता येतात: 'कोमा' (स्वल्पविराम), 'दोस पुन्तोस' (अपूर्णविराम), 'मायुस्कुलास' (मोठी अक्षरं), 'केइस्मो'. पुष्कळांना हे माहीत नसतं आणि ते एकेक शब्द शोधत बसतात.

'केइस्मो' म्हणजे हवा तिथला 'दे' गाळणं आणि 'देकेइस्मो' म्हणजे नको तिथे तो घालणं. एकाला घाबरून माणूस दुसऱ्यात पडतो. कसोटी सोपी आहे: वाक्याचा प्रश्न करा. '¿के पिएन्सो?' (मला काय वाटतं?) असं विचारतात, म्हणून 'पिएन्सो के'. '¿दे के मे आलेग्रो?' (मला कशाचा आनंद होतो?) असं विचारतात, म्हणून 'मे आलेग्रो दे के'. प्रश्नात 'दे' आला तर उत्तरातही येणार.

एक सावधगिरी. २००५ ची जुनी छापील प्रत हाती असेल तर टिल्देच्या बाबतीत तिच्यावर विसंबू नका. तिच्यात 'गिओन' (संयोगचिन्ह) हा शब्द टिल्दे घालूनही चालत होता. २०१० च्या 'ओर्तोग्राफिआ'ने, म्हणजे अकादमींच्या शुद्धलेखनाच्या नियमग्रंथाने, ती सवलत काढली. 'फक्त' या अर्थाच्या 'सोलो'वर दोन अर्थ निघण्याची शक्यता लेखकाला वाटत असेल तर टिल्दे देता येतो, असं राएने २०२३ मध्ये स्पष्ट केलं. न दिल्यास चूक कधीच नाही, म्हणून व्यावसायिक मजकुरात देऊच नये.

फुन्देऊ ही भाषावापराच्या शिफारशी देणारी संस्थाही २००५ चीच. पत्रकारांसाठी सुरू झाली आणि २०२० पासून राएच्या नावासह 'फुन्देऊ-राए' म्हणून चालते. शिफारशी छोट्या असतात: शीर्षकात निकाल, खाली बातम्यांतली चुकीची वाक्यं आणि त्यांची दुरुस्ती. कार्यालयीन भाषेसाठी मला हीच जास्त उपयोगी वाटते. 'च्या आधारे' या अर्थाने 'एन बासे आ' लिहायची सवय असेल तर 'कोन बासे एन' किंवा 'सोब्रे ला बासे दे' हे पर्याय इथे लगेच सापडतात. जेरुंदिओचा, म्हणजे क्रियापदाच्या '-आन्दो', '-इएन्दो' रूपाचा, घोळही इथे नीट कळतो. 'एल कामिओन बोल्को, मुरिएन्दो एल कोन्दुक्तोर' (ट्रक उलटला, चालक मेला) यात मृत्यू नंतरचा, परिणाम म्हणून झालेला. तो जेरुंदिओने जोडणं सदोष. 'इ मुरिओ एल कोन्दुक्तोर' असं सरळ लिहावं. मराठीतलं '-ऊन' आधी घडलेलं दाखवतं, त्यामुळे आपल्या कानाला ही चूक खरं तर खटकायला हवी. ती येते इंग्रजी वाक्य मनात ठेवून लिहिल्यामुळे.

राएचा मुख्य कोश क्रियापदांच्या रूपांसाठी उघडावा. २०२३ पासून त्यात समानार्थी आणि विरुद्धार्थी शब्दही आले आहेत. फक्त शब्दापुढचा 'देसुस.' (वापरातून गेलेला) किंवा 'कोलोक.' (बोलचालीतला) हा शिक्का वाचल्याशिवाय तो उचलू नका. कोशात आहे म्हणजे करारपत्रात चालेल, असं नाही.

कोर्पेस हा एकविसाव्या शतकातल्या मजकुराचा साठा शिकायला जड आहे. पडदा रुक्ष आहे आणि पहिला अर्धा तास काहीच हाती लागत नाही. तरी प्रगत विद्यार्थ्याने तो शिकावाच. 'लेमा'च्या रकान्यात मूळ शब्द टाकायचा, देश निवडायचा आणि आजूबाजूचे शब्द पाहायचे. तुलना करताना नुसते आकडे पाहिले की फसगत होते: साठ्याचा सुमारे ३० टक्के भाग एकट्या स्पेनचा आहे, म्हणून तिथला आकडा फुगलेला दिसणारच. दर दहा लाख शब्दांमागची वारंवारता पाहा.

या साऱ्यात सर्वाधिक दुर्लक्ष होतं ते आकड्यांकडे आणि विरामचिन्हांकडे. चार अंकी संख्या सलग: २५००. पाच अंकांपासून तीन-तीनचे गट, मध्ये स्वल्पविराम नव्हे, मोकळी जागा: १ २५० ०००. टक्क्याच्या चिन्हाआधीही जागा. वर्डमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि स्पेसबार एकत्र दाबून ही जागा द्या, नाहीतर ओळ संपताना संख्या मधोमध तुटते. पत्रात 'एस्तिमादा सेन्योरा' (आदरणीय बाई) या मायन्यानंतर स्वल्पविराम नको, अपूर्णविराम हवा, आणि पुढची ओळ मोठ्या अक्षराने. अवतरण संपल्यावरच पूर्णविराम, चिन्हाच्या बाहेर. महिने, वार आणि भाषांची नावं लहान अक्षरात. हे सगळं लँग्वेजटूल चालवल्यानंतर एकदा हाताने तपासून घ्या.