नौपाड्यातील एक स्टुडिओ : छायाचित्रण उत्तम, टचिंग मात्र आधी बोलून घ्यावे

आईच्या पंचाहत्तरीनिमित्त तिचे एक चांगले छायाचित्र काढून दिवाणखान्यात लावावे आणि त्याच फेरीत तिच्या अमेरिकेच्या व्हिसासाठी लागणारा फोटोही उरकावा, अशा दुहेरी कामासाठी आम्ही ठाण्यात नौपाड्यातील एका जुन्या स्टुडिओत गेलो. स्टुडिओचे नाव मुद्दामच देत नाही, कारण माझी तक्रार एका दुकानाविषयी नसून टचिंगचा, म्हणजे काढलेल्या फोटोत नंतर केलेल्या दुरुस्तीचा, अतिरेक करण्याच्या सवयीविषयी आहे, आणि ती सवय दुकानदाराइतकीच गिऱ्हाइकांचीही आहे.

प्रत्यक्ष छायाचित्रणाबद्दल तक्रारीला जागाच नाही. खोली लहान, परंतु मालकांनी आईला पडद्यापासून पुरेसे पुढे बसवले आणि स्वतः सहा-सात फूट मागे सरकून ८५ मिलिमीटरच्या लेन्सने फोटो घेतले. भाच्याने घरी मोबाइल जवळ धरून काढलेल्या फोटोंत तिचे नाक उगाचच मोठे दिसे. तो दोष नाकाचा नव्हता, अंतराचा होता. दिवा बाजूने मारला की प्रत्येक सुरकुतीची सावली पडते आणि ती दुप्पट खोल वाटते, म्हणून त्यांनी कापड लावलेला मोठा दिवा समोरून, किंचित वरून ठेवला. चष्म्याच्या काचेत तो चमकू लागताच काड्या कानांवर जरा उचलून काचा खाली झुकवल्या आणि चमक नाहीशी झाली. हेच काम नंतर संगणकावर करायचे म्हटले, तर काचेमागचा डोळा जवळजवळ नव्याने रंगवावा लागतो. दिव्याने आणि लेन्सने एवढे साधल्यावर टचिंगला फारसे काही उरतच नाही, असे मला वाटले होते.

दोन दिवसांनी संगणकाच्या पडद्यावर जे पाहिले, ते पाहून आई म्हणाली, “ही बाई कोण?” रंग दोन छटा उजळला होता, गालांवर मेणासारखी तुकतुकी आली होती, आणि कपाळावरचे व हनुवटीवरचे हिरवट गोंदण पार नाहीसे झाले होते. ते गोंदण तिच्या आजीने गावच्या जत्रेत, ती सात वर्षांची असताना करवून घेतले होते. टचिंग करणाऱ्या मुलाने ते डाग समजून पुसले. तो मुलगा वाईट नाही. “आजी, तुम्ही किती छान दिसताय बघा,” असे तो मनापासून म्हणत होता. डाग काढण्याचे साधन शेजारच्या त्वचेचा पोत उचलून डागावर बसवते. डाग कोणता आणि खूण कोणती, हे त्या साधनाला कळत नाही. ते बघणाऱ्याला कळावे लागते.

मेणासारखी त्वचा का होते, हेही येथे सांगितले पाहिजे. चांगले कारागीर चित्राचे दोन थर वेगळे करतात: एकात रंग आणि छायाप्रकाशाचे चढउतार, दुसऱ्यात रंध्रे, लव, बारीक रेषा असा पोत. लाली किंवा डोळ्यांखालचे काळेपण पहिल्या थरात सौम्य करता येते आणि दुसरा थर जसाच्या तसा राहतो. घाई असली की सगळा चेहराच पुसट केला जातो. पोत गेला की वयही जाते आणि माणूसही जातो.

मी हे मालकांशी बोललो, तेव्हा ते जुन्या दिवसांकडे वळले. निगेटिव्हच्या काळी ते स्वतः उतरत्या मेजावर, खालून उजेड घेऊन, टोकदार पेन्सिलीने टचिंग करीत. छापील फोटोत सुरकुती काळी दिसते, म्हणजे निगेटिव्हवर ती जागा पारदर्शक असते. तेथे शिशाचे बारीक फटकारे भरले की छापताना ती रेष फिकट होते. एका चेहऱ्याला अर्धा तास जाई आणि हात चुकला तर निगेटिव्ह खराब होई, त्यामुळे गरजेपुरतेच केले जाई. आता सगळा चेहरा दोन मिनिटांत गुळगुळीत होतो, त्यामुळे संयम हाताकडून येत नाही, तो डोक्याने आणावा लागतो. हे त्यांचेच म्हणणे आहे, आणि ते पटले.

तथापि काहीच करू नका, असाही माझा आग्रह नव्हता. कॅमेरा सेकंदाच्या सव्वाशेव्या भागातला चेहरा गोठवतो. समोर बसून बोलताना आपण आईच्या पापणीवरची रांजणवाडी पाहत नाही, तिचे डोळे पाहतो. म्हणून आम्ही एक साधी रेघ आखली: पंधरा दिवसांनी जे चेहऱ्यावर नसेल, ते काढावे, जे असेल, ते ठेवावे. रांजणवाडी गेली, आदल्या रात्रीच्या जागरणाचे काळेपण निम्म्यावर आणले, कपाळावर आलेली एक सुटी बट काढली. गोंदण, तीळ, सुरकुत्या आणि मूळचा सावळा रंग राहिला. शिवाय मुलाला विनंती केली की पडद्यावर दुप्पट मोठे करून नव्हे, तर १२ बाय १८ इंचांच्या प्रिंटवर हातभर अंतरावरून जे दिसेल, त्याचाच विचार करावा. त्यानंतर त्याने निम्म्या दुरुस्त्या आपणहून मागे घेतल्या.

व्हिसाच्या फोटोबाबत मात्र स्टुडिओ पहिल्यापासून चोख निघाला. दोन बाय दोन इंच, पांढरी पार्श्वभूमी, चष्मा नाही (नोव्हेंबर २०१६ पासून तो चालत नाही) आणि चेहऱ्यावर कोणताही संगणकीय बदल नाही, हे नियम मालकांना तोंडपाठ होते. गंमत अशी की दहा मिनिटांत काढलेला तो बिनटचिंगचा चौकोनी फोटो पहिल्या सजवलेल्या फोटोपेक्षा आईसारखा अधिक दिसत होता.

मॅट कागदावरील मोठी प्रिंट आणि फ्रेम धरून २,८०० रुपये झाले. दुसऱ्या वेळच्या कामाचे वेगळे पैसे घेतले नाहीत, पण मूळ फाइल मागितल्यावर ३०० रुपये जास्त लावले, ते खटकले. जाणाऱ्यांनी फोटो काढण्यापूर्वीच काय ठेवायचे ते सांगावे आणि मूळ फाइलचे आधी ठरवून घ्यावे. दर्शनी काचेत अजून तेच मेणाचे चेहरे लावलेले आहेत. त्यांविषयी मालकांना विचारले, तर ते म्हणाले, “लोक त्यांच्याकडेच बोट दाखवून ‘अस्सा हवा’ म्हणतात.” आईची एक छोटी प्रिंट तेथे लावायची परवानगी त्यांनी मागितली आहे, आईने गोंदण नीट दिसत असेल तर हरकत नाही, असे कळवले आहे.