म्युझस्कोअरमध्ये कॉर्ड लिहिणं, अंध कीबोर्डवाल्याकडून
मी लातूरचा, दिसत नाही, ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो. आधीच्या विकतच्या सॉफ्टवेअरात कॉर्डचा (एकत्र वाजवायच्या सुरांचं नाव लिहायचा) बॉक्स माउसशिवाय उघडतच नव्हता, आता म्युझस्कोअर ४ (संगीताची नोटेशन लिहायचं सॉफ्टवेअर) वापरायलो आन सोबत एनव्हीडीए (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर), दोन्ही फुकट. नोटवर जायचं, कंट्रोल के दाबायचं, मग समजा ए मायनर सेव्हन कॉर्ड असंल तर कॅपिटल ए, छोटा एम, ७ टाईप करायचं आन स्पेस मारली की पुढं, कुणाला विचारायची गरजच नाही बघा. फ्लॅटला (अर्धा सूर खाली) छोटा बी, शार्पला (अर्धा सूर वर) हॅश. नंतर ऑल्ट धरून उजवा बाण दाबत गेलं की एकेक गोष्ट वाचून दाखवतंय, कॉर्डसुद्धा, म्हणून गिटारवाल्याला प्रिंट द्यायच्या आधी सगळं माझं मलाच तपासता येतंय, हे लई मोठं हाय माझ्यासाठी. ब्रेलवाल्यांनी ४.१ किंवा पुढचंच घ्या, त्यात ब्रेल पॅनल हाय.