अॅम्ब्युलन्सचं बिल कोणी करावं: सिटी हॉलने की बाहेरच्या कंपनीने?

अमेरिकेतल्या बऱ्याच शहरांत ९११ ला फोन केला की फायर डिपार्टमेंटची अॅम्ब्युलन्स येते आणि काही आठवड्यांनी बिल येतं. महाराष्ट्रात १०८ ची गाडी फुकट येते, त्यामुळे नव्याने आलेल्या मराठी कुटुंबाला ते पाकीट उघडल्यावर धक्काच बसतो. हे बिलिंग शहराने स्वतः करावं की कंत्राटाने द्यावं, हा ठराव तुमच्या कौन्सिलपुढे आला असेल आणि तुम्ही फायनान्स कमिटीवर असाल किंवा सुनावणीत बोलणार असाल, तर हा आढावा तुमच्यासाठी आहे. माझं मत आधीच सांगते: लहान शहराने काम कंपनीला द्यावं, पण रुग्णाकडून किती आणि कसे पैसे मागायचे हा अधिकार देऊ नये.

कामाच्या किचकटपणात कंपनी सरस ठरते. पॅरामेडिकने लिहिलेला अहवाल वाचून सेवेची पातळी ठरवावी लागते. मेडिकेअरच्या (मुख्यतः ज्येष्ठांसाठी असलेल्या केंद्र सरकारच्या आरोग्य विम्याच्या) दरपत्रकात तातडीच्या साध्या सेवेचं, म्हणजे बीएलएसचं, वजन (मूळ दराला गुणायचा आकडा) १.६० आहे, तातडीच्या प्रगत सेवेचं, म्हणजे एएलएसचं, १.९० आणि त्याच्या वरच्या पातळीचं २.७५. मैलांचे पैसे वेगळे. अहवालात आधार नसताना वरची पातळी लावली तर तो खोटा क्लेम होतो. खालची लावली तर शहराचं नुकसान. सही राहिली की क्लेम परत येतो, आणि सेवेच्या तारखेपासून वर्षाच्या आत मेडिकेअरकडे क्लेम गेला नाही तर ते पैसे बुडाले. सिटी हॉलमधली एकच जाणकार व्यक्ती बाळंतपणाच्या रजेवर गेली किंवा निवृत्त झाली की हे सगळं तुंबतं. कंपनीकडे दिवसभर हेच करणारी माणसं असतात.

खर्चाची तुलना मात्र प्रस्तावात दिसते तितकी सरळ नाही. समजा, वर्षाची वसुली १० लाख डॉलर आणि कंपनीचा वाटा ५ टक्के, तर ५० हजार गेले. तेवढ्यात भत्ते आणि विम्यासकट दोन माणसं आणि सॉफ्टवेअर बसत नाही, म्हणून कंपनी स्वस्त वाटते. पण टक्केवारीवर काम करणाऱ्याला सोपे क्लेम परवडतात. नाकारलेल्या छोट्या क्लेमसाठी तीनदा पत्रव्यवहार करणं त्याला परवडत नाही. म्हणून टक्क्यावरून घासाघीस करण्याआधी अॅम्ब्युलन्सच्या दर फेरीमागे शहराच्या हातात निव्वळ किती पडतात आणि नाकारलेल्या क्लेमपैकी किती पुन्हा लढवले, हे विचारा. आणखी एक: मेडिकेडच्या, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी विम्याच्या, क्लेमवर बिलिंग एजंटने वसुलीच्या टक्केवारीने मोबदला घेतलेला केंद्राच्या नियमांना चालत नाही. तिथे कामाच्या खर्चाशी जुळणारा ठरावीक दर लागतो. सगळ्या क्लेमना एकच टक्का लावलेला प्रस्ताव आला, तर सिटी अॅटर्नीला तिथेच थांबायला सांगा. पैसे थेट शहराच्या ताब्यातल्या खात्यात जायला हवेत, हेही लिहून घ्या.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती रुग्णाची. अनपेक्षित जादा बिलांपासून वाचवणाऱ्या, २०२२ पासून लागू झालेल्या केंद्राच्या ‘नो सर्प्रायझेस’ कायद्यात हवाई अॅम्ब्युलन्स आली, रस्त्यावरची नाही. कॅलिफोर्नियाने २०२४ पासून रस्त्यावरच्या अॅम्ब्युलन्ससाठी स्वतःचा कायदा लागू केला, तसे आणखीही काही राज्यांनी केले. पण जिथे तसं संरक्षण नाही तिथे खासगी विम्याने न दिलेली रक्कम घरी येऊ शकते. पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या आईवडिलांचा प्रवासी विमा असेल तर अडचण वाढते. तो क्लेम नेहमीच्या साखळीत बसत नाही. मग खातं ‘स्वतः भरणार’ म्हणून नोंदवलं जातं आणि कलेक्शन एजन्सीकडे जाऊ शकतं. सिटी हॉलच्या खिडकीवर माणूस भेटतो, कागद दाखवता येतात. दूरच्या कॉल सेंटरला तुमचं शहर नकाशावर शोधावं लागतं. तेव्हा हप्ते, माफी आणि कलेक्शनला पाठवण्याचा निर्णय कौन्सिलच्या लेखी धोरणाने आणि शहराच्या अधिकाऱ्याच्या सहीनेच व्हावा. अॅम्ब्युलन्स शहराची स्वतःची असेल, तर रहिवाशांचा मेडिकेअरचा को-पे, म्हणजे रुग्णाने भरायचा वाटा, करातून भरला असं मानून सोडून देण्याची वाटही आहे. टक्केवारीवरची कंपनी ती आपणहून सुचवेल, अशी अपेक्षा ठेवू नका.

माहितीच्या सुरक्षिततेत दोन्ही बाजू कच्च्या आहेत. मॅसॅच्युसेट्समधल्या कॉमस्टार या अॅम्ब्युलन्स बिलिंग कंपनीवर २०२२ मध्ये रॅन्समवेअर (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारा) हल्ला झाला आणि ५ लाख ८५ हजारांहून अधिक लोकांची माहिती धोक्यात आली. पण २०१८ मध्ये अटलांटा आणि २०१९ मध्ये बॉल्टिमोर महापालिकाही अशाच हल्ल्यांनी ठप्प झाल्या होत्या. या निकषावर मी कोणालाच झुकतं माप देणार नाही.

मोठ्या शहराचं गणित वेगळं. फेऱ्या हजारोंनी असतील तर स्वतःचा विभाग परवडतो आणि पॅरामेडिकला अहवाल कुठे अपुरा पडला हे लगेच सांगता येतं. काम बाहेर दिलं तरी क्लेम शहराच्याच नावाने जातो. चुकीबद्दल केंद्र सरकार जाब विचारेल तो शहरालाही, म्हणून दरवर्षी त्रयस्थाकडून काही क्लेम तपासून घ्या.

कंत्राट संपतं तेव्हाचं कलम बहुतेकजण घाईत वाचतात. जुन्या फेऱ्यांचे पैसे नंतरही कित्येक महिने येत राहतात. ती वसुली कोण करणार, कोणत्या दराने, आणि सगळा डेटा शहराला किती दिवसांत, कोणत्या स्वरूपात परत मिळणार, हे सही करण्याआधी ठरवून घ्या.