भूपट्टांचा भित्तिनकाशा : अभिप्राय

वणीच्या बाजारातून घेतलेला हा भूपट्टांचा, म्हणजे पृथ्वीच्या बाहेरील कठीण थराच्या सरकत्या तुकड्यांचा, लॅमिनेटेड भित्तिनकाशा भूशास्त्राच्या पदवी विद्यार्थ्याला निश्चितच उपयोगी आहे. भारताच्या बाबतीत मात्र त्याने हात आखडता घेतला आहे.

सागरतळाचे चित्रण ही त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू. मध्य-अटलांटिक पर्वतरांगेच्या दोन्ही अंगांना खडकांचे वय रंगीत पट्ट्यांनी दाखवले असून, रांगेपासून किनाऱ्याकडे जावे तसतसा तळ जुना होत जातो, हे एकदा नीट पाहिले की अमेरिकी भूशास्त्रज्ञ हॅरी हेस यांनी १९६२ मध्ये मांडलेली सागरतळ विस्ताराची (रांगेपाशी नवा तळ तयार होऊन दोन्हीकडे सरकतो, ही) कल्पना घोकावी लागत नाही. अधोगमनाच्या, म्हणजे एक भूपट्ट दुसऱ्याखाली शिरतो त्या, रेषेवरील त्रिकोण वर राहणाऱ्या भूपट्टाच्या बाजूलाच काढले आहेत. परीक्षेत नेमके इथेच गुण जातात, म्हणून याचे विशेष कौतुक.

भारतीय भूपट्टाचा ईशान्येकडील बाण आणि वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर हा वेग दिला आहे, परंतु सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या लाव्ह्याचा मागमूस नाही आणि तो लाव्हा ज्याच्यामुळे आला असे मानतात, तो हिंदी महासागरातील रियुनियन बेटाचा तप्तबिंदू (खोलातून तप्त द्रव्य वर येण्याची जागा) नाव नसलेला ठिपका होऊन बसला आहे. ज्या भागात कपाशीच्या काळ्या मातीखाली बेसाल्ट आहे आणि खाणीतून गोंडवन या प्राचीन खडकसमूहातला कोळसा निघतो, तेथील विद्यार्थ्याला ही उणीव खटकणारच.

सूचीतील अक्षरे फारच बारीक आहेत. उन्हाळ्यात टिनाच्या खोलीत लॅमिनेशनचे कोपरे सुटू लागतात, तेव्हा नकाशा लाकडी पट्टीसह मिळत असल्यास तोच घ्यावा.